ढगफुटीतला कोरडा बोळ

१

एगिल ब्रूनचं प्रेत तळघरातून बाहेर काढून आठवडाही झाला नव्हता, तोवर पिलेगोर सोसायटीनं खुनी शोधून काढलासुद्धा. खुनी होती बाग.

"हे बघा," चेअरमन टोर्किल विंटर म्हणाले आणि त्यांनी भिंतीवर फोटो लावला. हॉलमध्ये कॉफीचे थर्मास होते, दालचिनीचे रोल होते, आणि पन्नासेक माणसं तोंड पाडून बसली होती. कोपनहेगनच्या वाल्बी भागातली ही जुनी सोसायटी, चारी बाजूंनी चार मजले आणि मधे अंगण. फोटो त्याच अंगणाचा, ढगफुटीनंतरचा. पाऊसबाग तुडुंब भरलेली, काठावरच्या बाकाची फळी पाण्यात, झेंडा दांड्याच्या अर्ध्यावर ओलागच्च लोंबलेला. आणि कोपऱ्यात, जिथं एगिलच्या तळघराच्या पायऱ्या असायच्या, तिथं नुसतं करडं पाणी. अर्ध्यावरचा झेंडा बघून मागं कुणीतरी नाक शिंकरलं.

"विबेकेनं काढलाय हा फोटो," टोर्किल म्हणाले. "नऊ वर्षांपूर्वी आपल्याला सांगण्यात आलं, की छपरावरचं पाणी गटारात कशाला सोडता, बागेत सोडा, झाडं पितील. प्यायली का झाडं?"

डाग्नी ब्रांट पहिल्या रांगेत बसली होती. ती बाग तिनं आखली होती. चौपन्न वर्षांची बाई, पण अशा वेळी कानशिलं तापायची ती पोरीसारखीच.

"झाडं पितात तेवढं पितात," ती उठून म्हणाली. "बाग म्हणजे मधला खोलगट भाग. तो भरला की जास्तीचं पाणी सांडव्यावरून जातं, कमानीखालच्या बोळातून रस्त्यावर, आणि तिथून पार्कातल्या खड्ड्यात. तळघराच्या पायऱ्यांचा कठडा सांडव्यापेक्षा उंच ठेवलाय मी. पाणी तिकडं चढायला नको होतं."

"नको होतं, पण चढलं!" विबेके हाल कडाडली. तळमजल्यावर राहणारी ही बाई पहिल्या दिवसापासून बागेवर डूख धरून होती. "आणि एगिल आत अडकला. दार बाहेर उघडणारं, बाहेर पाण्याचा रेटा. कमरेएवढ्या पाण्यात टेबलावर चढून बसला म्हातारा. डॉक्टर म्हणतात, पहाटेपर्यंत जिवंत होता. थंडीनं गेला. पहाटेपर्यंत, डाग्नी! आणि आम्ही सगळे समजत होतो, तो शहराबाहेरच्या त्याच्या बागेतल्या झोपडीवर गेलाय."

डाग्नीला हे पाठ होतं. रोज रात्री तिला ते पुन्हा पुन्हा ऐकू यायचं. एगिल त्या तळघरात अकॉर्डियन दुरुस्त करायचा. बाग व्हावी म्हणून सोसायटीत भांडणारा पहिला माणूस तोच, आणि दर शनिवारी सांडव्यातली पानं काढणाराही तोच.

"गुरुवारी अंत्यविधी आहे," टोर्किल जड आवाजात म्हणाले. "त्याच संध्याकाळी मतदान घेऊ. बाग बुजवून फरशी घालायची."

"माझ्या बागेनं माणूस मारला नाही," असं डाग्नीला ओरडून सांगायचं होतं. पण तिचं तिलाच ते खात्रीनं माहीत नव्हतं.

२

मीटिंग संपल्यावर ती अंगणात गेली. राग आला की माणसं दारं आपटतात. डाग्नी मोजमापं घ्यायची.

सांडव्याची पट्टी जागच्या जागी होती. कठडा त्याहून वीतभर उंच, जसा तिनं बांधून घेतला होता तसाच. पातळ्यांत काडीचीही चूक नव्हती. मग पाणी एवढं चढलं कसं? सांडवा तुंबला असणार, असं सगळे म्हणत होते. पण तुंबला असता तर तिथं पानं, काटक्या, गाळ सापडला असता. तिथं होती ती दगडांच्या सांध्यात अडकलेली थोडी पिवळी वाळू.

डाग्नीनं ती चिमटीत घेतली. तिच्या बागेत पिवळी वाळू कुठंच नव्हती. तिनं सगळीकडं करडी खडी घातली होती, स्वतः उभं राहून.

मग ती पाण्याच्या वाटेनं पुढं गेली, कमानीखालच्या बोळात. भिंतींना अजून बर्चच्या फांद्या बांधलेल्या होत्या, कागदी झेंड्यांची माळ होती. ढगफुटीच्या दिवशी टोर्किलची नात आल्बेर्ते हिचा बारावीचा सोहळा होता. नव्यानं पास झालेली पोरं पांढऱ्या टोप्या घालून ट्रकमधून घरोघर फिरतात, प्रत्येकाच्या दारात खातात, पितात, नाचतात, तसा तिचा ट्रक त्या संध्याकाळी इथं आला होता. आभाळ भरून आलं म्हणून टेबलं अंगणातून उचलून या छपराखाली मांडली होती.

डाग्नीनं खाली पाहिलं आणि ती थबकली. फरशीवर बोळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रंगीत खडूनं लिहिलं होतं: "शाब्बास आल्बेर्ते!" बाजूला फुलं, टोप्या, एक वाकडा सूर्य. पायांनी थोडं फिसकटलेलं, पण वाचता येत होतं.

तिनं बोट ओलं करून सूर्याच्या एका किरणावरून फिरवलं. किरण पुसला गेला.

थुंकीनं जो पुसतो, तो खडू ढगफुटीत कसा टिकला? अख्ख्या अंगणाचं पाणी ज्या बोळातून वाहून जायला हवं होतं, तो त्या संध्याकाळी कोरडा होता. तो आपोआप कोरडा राहिला नव्हता. कुणीतरी तो कोरडा ठेवला होता.

३

"वाळू माझीच," यानिक म्हणाला. बोळाच्या तोंडाशी त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. हात काळे, बोलणं फटकळ. "मागं एकदा रस्त्याचं पाणी दुकानात शिरलं होतं, तेव्हापासून वाळूच्या पिशव्या ठेवतो. त्या बघ, कोपऱ्यात. आता काय, मला अडकवणार आहेस?"

"ढगफुटीच्या दिवशी कुठं होतास?"

"बोर्नहोल्म बेटावर, सासुरवाडीला. भाजलेले हेरिंग मासे खात होतो आणि सासऱ्याच्या किडनीच्या गोष्टी ऐकत होतो. तो सगळ्यांना सांगेल, त्याला आवडतं सांगायला."

डाग्नीला हसू आलं नाही. "पिशव्यांना कुणी हात लावला होता?"

यानिकनं स्पॅनर खाली ठेवला. "आता विचारतेस म्हणून सांगतो. आलो तेव्हा पिशव्या ओल्या होत्या. म्हटलं, पाऊस झालाय, असतील. पण रचल्या होत्या बघ कशा! मी टाकतो म्हणजे फेकतो. या मात्र एकावर एक, कडेला कड, गाठी सगळ्या एका बाजूला. शाळेत वह्या रचून ठेवतात तशा."

"आणि हे तू कुणाला बोलला नाहीस?"

"काय बोलू? माझ्या पिशव्या नीट रचल्या म्हणून तक्रार करू?" मग त्याचा आवाज उतरला. "अगं, मला काय माहीत त्यात एगिलचा जीव गेला म्हणून. माझ्या पोराला अकॉर्डियन शिकवायचा तो." स्पॅनर पुन्हा उचलत तो म्हणाला, "विबेकेला विचार. तिला ती बाग डोळ्यांसमोर नकोय."

४

पण डाग्नी आधी टोर्किलकडं गेली. पार्टी त्यांची होती, आणि बोळ कोरडा हवा होता तो पार्टीलाच.

टोर्किल निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी दार उघडलं, कोट घेतला, स्ट्रॉबेरीचा केक पुढं केला. भिंतीवर आल्बेर्तेचा पांढऱ्या टोपीतला फोटो होता. आईबाप परदेशी, पोर आजोबांनीच वाढवलेली.

"डाग्नी, तुझ्यावर माझा वैयक्तिक राग नाही," ते म्हणाले. "बाग आखणारा चुकू शकतो. कबूल करण्यात मोठेपणा असतो."

ही शिकवणी ऐकून तिच्या अंगाचा तिळपापड झाला. "त्या संध्याकाळी सांडव्यावर वाळूच्या पिशव्या होत्या, टोर्किल. कुणी ठेवल्या?"

केकचा चमचा थांबला नाही. "पिशव्या? मी पाहिल्या नाहीत. पन्नास पोरं होती, गाणी कानठळ्या बसवत होती. कुणीही ठेवल्या असतील."

"तुम्ही अंगणात गेला नव्हता?"

"एकदाच. सूर्य मावळताना, झेंडा उतरवायला. सोहळ्याचा झेंडा लावला होता ना. पाऊस असो, वादळ असो, सूर्यास्तानंतर झेंडा वर राहिलेला मला खपत नाही. उतरवला, दोरीला कुलूप घातलं, सरळ पाहुण्यांकडं परतलो."

कुलपाची गोष्ट सोसायटीत सगळ्यांना ठाऊक होती. एकदा पोरांनी दांड्यावर चेअरमनचीच वाळत घातलेली चड्डी चढवली होती. तेव्हापासून दोरी पेटीत बंद, आणि किल्ली टोर्किलच्या गळ्यात. वाढदिवस असो, लग्न असो, मयत असो, पिलेगोरचा झेंडा त्यांच्याच हातून चढायचा. एकवीस वर्षांत एकदाही चुकला नव्हता.

"एगिलसाठीही तुम्हीच लावलात."

"अर्थात." त्यांनी गळ्यातली किल्ली मुठीत धरली, आणि ते ढोंग नव्हतं. डाग्नीला तेच विचित्र वाटलं. "माझ्या सोसायटीतला माणूस झेंड्याशिवाय जाणार नाही."

५

विबेकेनं दार उघडलं ते भांडणाच्या तयारीतच.

"ये, ये. मी पिशव्या ठेवल्या असं म्हणायला आलीस ना? यानिकचा फोन आला होता मघाशी. ऐक बाई, मला तुझी बाग आवडत नाही. डास होतात, बेडूक ओरडतात, आणि माझी गाडी लावायची जागा गेली. पण एगिल माझ्या खिडकीखालून रोज 'काय म्हणतेस, विबे?' असं विचारून जायचा. मी त्याला मारीन?"

एवढं बोलून ती रडायलाच लागली. डाग्नीनं तिला खुर्चीत बसवलं आणि कॉफी ठेवली. दोघींचं नऊ वर्षांत एकमेकींशी एवढं बरं वागणं झालं नव्हतं.

"तो फोटो पुन्हा दाखवशील?"

विबेकेनं फोन पुढं केला. डाग्नीनं सांडव्यापाशी फोटो मोठा करून पाहिला. पिशव्या नव्हत्या. पाणी सांडव्याच्या पट्टीच्या बोटभर खाली होतं, बोळाकडं थेंबही उतरत नव्हता. म्हणजे फोटोच्या आधीच कुणीतरी त्या उचलल्या होत्या. हाती काहीच लागलं नाही असं वाटून तिनं फोन परत दिला.

"कधी काढलास हा?"

"सकाळी उठल्या उठल्या, इथूनच, खिडकीतून. अंगात झोपायचा झगा होता. विम्याला लागेल म्हणून काढला. मग त्यांना फोन करत बसले, त्यांनी लटकवत ठेवलं. दुपारी पंप घेऊन माणसं आली. पाणी उपसलं, दार उघडलं, आणि..." तिनं तोंडावर हात धरला. "एगिल आत आहे हे तोवर कुणाच्या स्वप्नातही नव्हतं गं. नाहीतर मी फोटो काढत बसले असते? हातांनी दार फोडलं असतं."

"तोवर कुणालाच माहीत नव्हतं," डाग्नी हळूच म्हणाली.

"कुणालाच नाही."

डाग्नीनं फोन पुन्हा हातात घेतला. या वेळी तिनं पाण्याकडं पाहिलंच नाही. ती फोटोत वर पाहत होती. कॉफी उतू गेली तरी दोघींपैकी कुणी उठलं नाही.

६

गुरुवारी एगिलला पोचवून सगळे अंगणात परतले. जूटलंडहून आलेली त्याची धाकटी बहीण आस्टा काठी टेकत पुढं उभी होती. हॉलमध्ये ब्रेडचे तुकडे आणि कॉफी मांडून ठेवली होती, पण आधी एक काम उरलं होतं. माणूस मातीत गेला की अर्ध्यावरचा झेंडा टोकापर्यंत चढवायचा, ही रीत. टोर्किलनी काळ्या कोटाआडून गळ्यातली किल्ली काढली.

"थांबा," डाग्नी म्हणाली.

"डाग्नी, ही वेळ नव्हे."

"हीच वेळ आहे. चड्डी चढली त्या दिवसापासून ही पेटी तुमच्याशिवाय कुणी उघडली आहे?"

"नाही."

"झेंडा अर्ध्यावर कसा आणतात, सांगा सगळ्यांना."

"आधी टोकापर्यंत न्यायचा, मग सावकाश अर्ध्यावर आणायचा," ते शाळेत सांगावं तसं म्हणाले. "हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे."

"म्हणजे चुकून अर्ध्यावर अडकला, असं होत नाही. मुद्दाम करावं लागतं, आणि कुणी मेल्याशिवाय कुणी करत नाही." तिनं विबेकेचा फोन उंच धरला. "हा तुमचाच पुरावा, टोर्किल. तुम्हीच भिंतीवर लावला होता, माझ्या बागेनं माणूस मारला म्हणून. हा फोटो सकाळचा आहे. पंपवाले आले दुपारी. एगिल मेलाय हे सोसायटीला कळलं ते दुपारी. मग सकाळीच झेंडा अर्ध्यावर कुणासाठी होता?"

टोर्किलनी फोटोकडं पाहिलं, मग झेंड्याकडं, मग पुन्हा फोटोकडं. रीत पाळायची एवढी सवय, की ती आपल्याला फाशी देईल हे त्या माणसाच्या ध्यानातच आलं नव्हतं. फोटो त्यांनी स्वतः मोठा करून आणला होता, आणि झेंडा जिथं असायला हवा तिथंच दिसल्यामुळं त्यांना त्यात काही वावगं दिसलं नव्हतं.

"नातीचा सोहळा भिजू नये म्हणून सांडव्यावर पिशव्या तुम्ही ठेवल्यात," डाग्नी म्हणाली. "बोळातला खडू अजून तसाच आहे. पाण्याला वाट उरली नाही, ते कठड्यावरून चढून एगिलच्या पायऱ्यांत उतरलं. सूर्यास्ताला झेंडा उतरवायला आलात तेव्हा तुम्हाला ते दिसलं. पण पिशव्या उचलल्यात त्या रात्री, पाहुणे गेल्यावर, पाणी मुरून पट्टीखाली गेलं तेव्हा, आणि नीट रचून ठेवल्यात. अंगणातलं पाणी जमिनीत मुरलं, पण कठड्याच्या आत पडलेलं बाहेर कसं येणार? ते तिथंच राहिलं, दार दाबून."

"तासाभराचाच प्रश्न होता," टोर्किल पुटपुटले. "पोरीचा एकच दिवस असतो. मला वाटलं, पाऊस थांबेल."

"सूर्यास्ताला काही ऐकू आलं तुम्हाला?"

आल्बेर्ते पुढं आली. डोळे रडून सुजलेले होते, पण आवाज खणखणीत होता. "आबा, तिनं काय विचारलं?"

"ठोकल्याचा आवाज येत होता," ते म्हणाले. "मला वाटलं, पाइप असेल. नाही. मला माहीत होतं पाइप नाहीये ते. पण पाहुणे होते, तुझ्या शाळेतले शिक्षक होते. दार फोडायला माणसं बोलावली असती तर सगळ्यांनी विचारलं असतं, पाणी कुणी अडवलं. मला वाटलं, पाऊस ओसरलाय, पाणी आपोआप उतरेल आणि तो येईल बाहेर. पहाटे बॅटरी घेऊन तळघराच्या झरोक्यातून पाहिलं. तो टेबलावर बसला होता. डोळे उघडे होते."

"आणि तुम्ही हाक मारली नाहीत कुणाला," डाग्नी म्हणाली. "झेंडा लावलात."

"निदान तेवढं तरी..."

"निदान!" विबेके किंचाळली. "मी त्या बागेला शिव्या घालत होते रे! आठवडाभर!"

यानिकनं तिचा दंड धरला, नाहीतर ती अंगावर गेली असती. आल्बेर्ते मात्र शांतपणे आजोबांपाशी गेली, त्यांच्या हातातली किल्ली काढून घेतली आणि ती आस्टाच्या हातात ठेवली.

आस्टाची बोटं संधिवातानं वाकडी झाली होती. पेटी उघडायला तिला वेळ लागला, आणि कुणी मदतीला पुढं गेलं नाही, कारण तिनं काठीनंच सगळ्यांना मागं सारलं. ती एक हात दोरी ओढायची आणि दम घ्यायची. पुन्हा एक हात. झेंडा टोकाला पोचला तेव्हा तिनं गाठ मारली आणि टोर्किलकडं वळली.

"माझा भाऊ रात्रभर ठोकत होता," ती म्हणाली. "तुमचा झेंडा मुका आहे हो. तुम्हाला तर तोंड होतं."

बारीक पाऊस सुरू झाला. कुणी आत गेलं नाही. छपरांवरचं पाणी बागेत उतरलं, बाग हळूहळू भरत गेली, आणि मग पाण्याची पातळशी धार सांडव्यावरून बोळात शिरली. आल्बेर्तेच्या नावावरून ती वाहत गेली आणि खडू धुऊन रस्त्याला लागली.